चिंधी बांधलेल्या जागेवरची मरळ

आमच्या ऑफिसातली निवृत्त मंडळी वर्षातून एकदा जेवायला जमतात. आता आठ-नऊच उरलो आहोत. ताटात मासे असोत वा नसोत, माझ्या मरळीचा विषय निघतोच. "दोन किलोची होती," एक जण म्हणतो. "अडीच," दुसरा म्हणतो. गेल्या वर्षी ती साडेतीन किलोवर गेली. दर वर्षी मी मान हलवतो, हसतो. गेल्या वर्षी मात्र ताट अर्ध्यावर सोडलं. उठून हात धुतले, पोट बरं नाही म्हणून सांगितलं आणि रिक्षा करून घरी आलो.

ती मरळ मी पकडली हे खरं आहे. कुठे आणि कशी पकडली हे मी खोटं सांगितलं. त्या खोट्यापायी, ज्यानं मला गळ टाकायला शिकवलं त्या माणसावर आळ आला आणि त्याचा नदीकाठ कायमचा सुटला. एक वाक्य बोलून मला ते थांबवता आलं असतं. मी बोललो नाही. माझं वय आता ऐंशीच्या घरात आहे. हे लिहायला सकाळपासून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. आता लिहूनच उठेन.

आणीबाणीच्या काळातली सुरुवात. मी तेव्हा तिशी ओलांडलेला कारकून, जुन्या नाशकात दोन खोल्यांत राहत होतो. मला एका जागी बसवत नसे. ऑफिसात टेबलाखाली पाय हलायचा, घरी जेवतानाही हलायचा. बायको म्हणायची, "अहो, ताटातली आमटी हिंदकळतेय. कुठं तरी जाऊन बसायला शिका."

गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार मुसलमान, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. सगळी गल्ली त्याला चाचा म्हणायची, मीही म्हणायचो. चाक डोळ्यासमोर फिरवून ते कुठं वाकलंय हे तो नुसत्या नजरेनं ओळखायचा. दर रविवारी पहाटे तो बांबूची काठी घेऊन पहिल्या एसटीनं सायखेड्याला जायचा आणि दुपारी मासे घेऊन परतायचा. एका शनिवारी मी त्याला म्हटलं, "चाचा, मलाही न्या."

त्यानं माझ्या हलणाऱ्या पायाकडं पाहिलं. "न्यायला नेईन भाऊसाहेब. पण ते पाय घरी ठेवून यावे लागतील."

सायखेड्याला गोदावरीचं पाणी खालच्या बंधाऱ्यामुळं थोपलेलं असतं. गावाच्या खालच्या अंगाला डोह होता, काठानं लव्हाळं माजलेलं, आणि मध्येमध्ये जमिनीत घुसलेले अरुंद ओघळ. तिथं भोयांची पाच-सहा घरं जाळी टाकून मासे धरायची. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला सगळे तात्या म्हणत. नदी सरकारची असेल, पण त्या डोहावर शब्द तात्याचा चाले. चाचाला त्यानं काठावर बसू दिलं होतं. मला पाहून त्यानं आधी माझे बूट पाहिले, मग मनगटावरचं घड्याळ.

"बसा भाऊसाहेब. पन एक ध्यानात ठेवा. लव्हाळ्याला चिंधी दिसली का तिथून मागं फिरायचं. मरळ पिल्लावर आसंल तर तिच्याकडं बघायचं बी नाय."

"आणि कुणी फिरलं नाही तर?"

"तर मंग काठी हितंच ठेवायची अन् घरी जायचं. पुढच्या आखाडापोतर त्वांड दाखवायचं नाय."

परतताना चाचानं मला समजावून सांगितलं. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात, लालसर, शेकड्यांनी, एकाच ठिकाणी पाण्यावर वळवळत राहतात. खाली आईबाप पहारा देत असतात. वर काहीही पडलं, साधं पान का असेना, तरी मरळ त्याच्यावर तुटून पडते. भुकेनं नाही, रागानं. म्हणून पिल्लांवरची मरळ लहान पोरालाही पकडता येते, आणि म्हणूनच ती पकडायची नाही. ती गेली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. भोई अशी जागा दिसली की जुन्या लुगड्याची चिंधी फाडून लव्हाळ्याला बांधत. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी पाटी.

दोन वर्षं मी त्याच्याबरोबर गेलो. बारीकसारीक मासे मला मिळायचे, एकदा वामही मिळाली. मरळ मात्र नाही. तिच्यासाठी चाचा सायकलच्या तारेचे गळ स्वतः बनवायचा. तार तापवायची, वाकवायची, कानशीनं टोक काढायचं. अशा गळाला अंगठ्याएवढी जिवंत बेडकी लावायची. मरळ मधूनमधून हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाण्यावर एक जाड बुडबुडा फुटतो. त्याच्या हातभर पुढं बेडकी सोडायची. दोरा ताणला गेला की ओढायचं नाही. मरळ आधी बेडकी तोंडात धरून वळते, मग गिळते. "मनात दहा म्हणा," चाचा सांगायचा, "आणि मग झटका द्या."

मला दहा कधी म्हणता आले नाहीत. तीन म्हटले की हात आपोआप उठायचा. पाण्यातून अर्धी बेडकी बाहेर यायची.

"पुन्हा तीनच?" चाचा विचारायचा.

"नाही, पाच तरी म्हटले असतील."

"तुमचे पाच म्हणजे दुनियेचे दोन. भाऊसाहेब, मासा म्हणजे फाईल नाही, ओढली की टेबलावर आली."

मी जागा बदलायचो. ओघळाच्या या बाजूला, मग त्या बाजूला. बेडकी बदलायचो, दोरा बदलायचो, एकदा शर्टसुद्धा बदलून पाहिला, रंगानं मासा बुजतो असं कुणी तरी सांगितलं म्हणून. काठावर चाचा दगडासारखा बसलेला असायचा. जाळी विणत बसलेली भोयांची पोरं मला बघून एकमेकांना कोपरखळ्या मारायची.

ऑफिसात सोमवारी ठरलेला प्रश्न असे, "काय हो, काल कितीची सुटली?" मी सांगायचो आणि सगळे हसायचे. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी आषाढात जेवणाचा बेत निघाला. श्रावण लागला की आमच्यातल्या बऱ्याच घरांत गणपती होईपर्यंत मांसमच्छी बंद. म्हणून त्याआधी आखाडाचं जेवण. एकाच्या दिंडोरी रोडवरच्या घरी, शनिवारी. कोंबडीचं ठरत होतं तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, "कोंबडी कशाला? यांच्या मरळीची वाट बघू की. पुढच्या आखाडापर्यंत मिळेलच."

"यंदा मरळ मी आणणार," मी म्हटलं.

"कुठून? बाजारातून?"

"गळानं पकडून. नाही आणली तर पुन्हा काठी हातात धरणार नाही."

संध्याकाळी चाचाला सांगितलं. तो पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघता बघता म्हणाला, "बोलून बसलात? आता मरळीलाही कळवलं का?"

"चाचा, तुम्हीच एक पकडून द्या ना. कुणाला कळणार नाही."

"मी पकडीन, तुम्ही मिरवाल. तुमच्या हाताला काय येईल?" त्यानं ट्यूब बाहेर काढून पुसली. "बसायला शिका. मरळ येते."

त्या रविवारी दोघं गेलो. एकदा दोरा ताणला गेला. मी तीनला ओढलं. चाचा खोकला येईपर्यंत हसला. मी हसलो नाही.

गुरुवारी मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला आणि एकटाच पहिल्या एसटीनं सायखेड्याला गेलो. पाऊस थांबलेला होता, आभाळ खाली आलेलं. डोहावर कुणी नव्हतं. भोई होड्या घेऊन वरच्या अंगाला गेलेले असावेत. दोन काठ्या लावल्या. बसलो, उठलो, बसलो. तासाभरात सहा जागा बदलल्या असतील. चालत चालत शेवटच्या ओघळापाशी आलो आणि लव्हाळ्याला बांधलेली चिंधी दिसली. हिरव्या लुगड्याची, पिवळ्या काठाची. मी ती पाहिली. पाहिली नाही असं मला म्हणता येणार नाही.

चिंधीच्या आत दोन हातांवर पाणी लालसर दिसत होतं. उकळी आलेल्या तांदळासारखी पिल्लं वरखाली होत होती. मी इकडंतिकडं पाहिलं. मागं फिरलोही, दहा-बारा पावलं. मग शनिवार आठवला आणि परत आलो. एक काठी लव्हाळ्यात टेकवली, दुसरीची बेडकी पिल्लांच्या मधोमध टाकली.

मोजायला वेळच मिळाला नाही. पाणी फुटलं, काठी वाकली, मी नेहमीसारखा लगेच झटका दिला. आणि या खेपेला झटका बरोबर बसला. जिनं रागानं चावा घेतलाय तिला दहापर्यंत थांबावं लागत नाही. ज्या घाईनं दोन वर्षं मला एकही मरळ मिळू दिली नव्हती, तीच घाई तिथं कामी आली.

मरळ चिखलावर आली आणि उड्या मारायला लागली. तिला पिशवीत घालायलाच पाच मिनिटं गेली. लव्हाळ्यात टेकवलेली काठी उचलताना तिचा दोरा तिथंच अडकला. सोडवत बसायला धीर नव्हता. चाकूनं कापला आणि निघालो. जाताना एकदा मागं पाहिलं. पिल्लं तिथंच होती. त्यांच्या कडेकडेनं पाण्यात बारीक चमका उठायला लागल्या होत्या. दुसरे मासे आले होते.

एसटीत मी ठरवलं, दारणा नदीवर पकडली म्हणून सांगायचं.

गल्लीत शिरताना चाचाच्या दुकानावरून जाणं भागच होतं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, कापसाच्या बोळ्यानं हात पुसले आणि मरळ वितीनं मोजली.

"वा भाऊसाहेब! दहा मोजले?"

"मोजले."

"कुठं?"

"दारणेवर."

त्यानं समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होता, "बघा, आमच्या भाऊसाहेबांची मरळ. दोन साल बसले आदमी." मग त्यानं तिचं तोंड उघडून जखम पाहिली. जरा वेळ पाहतच राहिला. "लई रागात घेतलंय हिनं," एवढंच म्हणाला आणि तोंड मिटलं.

शनिवारचं जेवण झालं. मरळीचं कालवण सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. मला खांद्यावर उचलायचंच बाकी ठेवलं होतं. मीही दहापर्यंत कसं मोजलं ते रंगवून सांगितलं. ती गोष्ट अजून जशीच्या तशी सांगितली जाते, माझ्याच शब्दांत.

रविवारी मला जायचं नव्हतं. पण चाचा पहाटे दाराशी येऊन उभा राहिला, "चला, आता तात्याला सांगायला पाहिजे, आपला चेला पास झाला म्हणून." नाही म्हणायला कारण सापडेना.

तात्या काठावर उभाच होता. त्यानं आमच्याकडं पाहून मूठ उघडली. तळहातावर तारेचा गळ होता, कापलेला दोरा अजून त्याला लोंबत होता.

"चाचा, ही तार कुनाची?"

चाचानं गळ हातात घेऊन पाहिला. "माझ्याच हातचा आहे."

"चिंधीच्या आत घावला. लव्हाळ्यात गुतलेला. गुरवारी मरळ गेली. सांजच्याला पिल्लं बी सपली."

"तात्या, मी नाही."

"तुझ्या हातचा गळ हाय."

"आहे. पण मी नाही. गुरुवारी मी दुकानात होतो."

"दुकानात कोन बघाया आलतं?" तात्या चिडला नव्हता. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि ते ऐकणं जास्त अवघड होतं. "तू नाय तर मंग कोन? हे भाऊसाहेब?"

जाळं विणत बसलेला तात्याचा मुलगा, विशीतला, मान वर करून म्हणाला, "भाऊसाहेबाला मरळ लागाया मरळीलाच जिवाचा कंटाळा आला पायजे!"

सगळे हसले. तात्यासुद्धा हसला.

मीही हसलो.

हेच सांगायचं होतं. मरळ पकडली, खोटं बोललो, हे मी एखाद्या दिवशी कुणाला सांगितलंही असतं. पण त्या क्षणी मी हसलो. मला मासे पकडता येत नाहीत हा सगळ्यांचा विश्वास माझ्या कामी आला. माझे बूट आणि घड्याळही कामी आलं असेल. चाचा काय, आणि मी काय, दोघंही त्या काठावर बाहेरचेच. पण संशय त्याच्यावर गेला आणि माझ्यापाशी येऊन त्याची चेष्टा झाली.

चाचा हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तसे गळ त्यानं आयुष्यात एकाच दुसऱ्या माणसाला दिले होते. त्याला तेव्हाच कळलं. कळलं नसेल असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो, तेही आज इथं खोडून टाकतो. त्याचं बघणं फार वेळ चाललं नाही, पण एक वाक्य बोलायला पुरलं असतं. मी चष्मा काढून रुमालानं पुसत राहिलो.

"ठीक आहे, तात्या," चाचा म्हणाला. त्यानं आपली काठी चिखलाला लागू नये अशी गवतावर आडवी ठेवली आणि स्टँडच्या वाटेला लागला. मी मागोमाग. एसटीत तो खिडकीशी बसला. उतरल्यावर म्हणाला, "उद्या सायकल घेऊन या. मागच्या चाकात हवा नाही."

त्यानं माझं नाव का घेतलं नाही हे मला आजही कळलेलं नाही. मी स्वतः बोलेन याची तो वाट बघत होता, असं कधी वाटतं. कधी वाटतं, चेला पास झाल्याचा आनंद त्यानं चार लोकांत मिरवला होता, तो परत घेणं त्याला जमलं नाही. त्यानंतर त्यानं मासे हा शब्द माझ्यासमोर काढला नाही. हवा भरायचा, ब्रेक घट्ट करायचा, मुलांची चौकशी करायचा. मी दुकानासमोर उभा राहून या पायावरून त्या पायावर व्हायचो. "चाचा" म्हणायचो. तो वर बघायचा. मी म्हणायचो, "जरा घंटी पण बघा."

मी मात्र सायखेड्याला जात राहिलो. एकदम बंद केलं तर संशय येईल म्हणून. चाचाच्या नेहमीच्या जागेवर बसायचो. त्या कार्तिकात, कुठं पिल्लं नसताना, चिंधी नसताना, दोरा ताणला गेला आणि मी मनात दहा म्हटले. सगळे दहा. चांगली हातभर मरळ आली. दाखवायला कुणी नव्हतं. ती तात्याला देऊन टाकली. तो म्हणाला, "चाचानं शिकिवलं म्हनून." त्यानंतर मी काठी मोडून बंबात घातली.

पुढचा आखाड आला तसा तात्यानं दूधवाल्याबरोबर चाचाला निरोप पाठवला, आता ये म्हणून. चाचा गेला नाही. दुकान चालवत राहिला. पुढं गल्लीत स्कूटरी वाढल्या, सायकली कमी झाल्या. आम्ही घर बांधून नदीपलीकडं राहायला गेलो. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास तो आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो. पाय हलत होता. म्हटलं, "चाचा, ती मरळ..."

"कुठली?" त्यानं विचारलं. मग पाणी मागितलं. मी उठून पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंत माझा धीर सरला. पुढच्या वर्षी तो गेला.

गेल्या वर्षीच्या त्या जेवणानंतर मी चाचाच्या मुलीचा पत्ता काढला. ती नांदगावला दिलेली, शाळेत शिकवून आता निवृत्त झालेली. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती, दुकानात छर्रे वेचत बसायची. मला पाहून तिला आनंद झाला. "काका, तुम्ही या वयात एकटे आलात?" पोहे केले, चहा ठेवला. मी पोह्यांना हात लावायच्या आधी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच.

ती ऐकता ऐकता उठून चहाखालचा गॅस बंद करून आली. शेवटी म्हणाली, "म्हणजे अब्बांना तिथं येऊ नको म्हणून सांगितलं होतं?"

तिला माहीतच नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"आम्हाला ते म्हणाले, नजर कमी झाली, दोरा दिसत नाही, म्हणून सोडलं. अम्मी तर रोज गाजर किसून द्यायची त्यांना. आणि शेवटच्या वर्षापर्यंत वाकलेल्या चाकाची आऊट नुसत्या डोळ्यानं काढायचे. आमच्या कसं लक्षात आलं नाही?"

आळ खोटा होता हे सांगायला मी गेलो होतो. आळ आला होता ही बातमीही तिला माझ्याकडूनच कळली.

"आणि तुम्ही हसलात," ती म्हणाली.

"हो."

"मग हे मला कशाला सांगता, काका? मी त्यांना कधी चोर समजलेच नाही. जे समजले त्यांना सांगा." आवाज चढलेला नव्हता. तिनं चहा दिला, स्टेशनपर्यंत रिक्षाही बोलावून दिली. फक्त पुन्हा या म्हणाली नाही.

मागच्या पंधरवड्यात सायखेड्याला गेलो. डोह पाणवेलींनी भरलेला आहे, पाणी दिसत नाही. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा, तेव्हाचा जाळं विणणारा, आता सत्तरीला टेकलाय. स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटला. मला त्यानं ओळखलं नाही. सांगितल्यावर ओळखलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो मान हलवत राहिला. "नाय भाऊसाहेब. चाचाच व्हता. आमच्या तात्यानं कधी खोटा न्याव केला नाय."

मी हिरव्या लुगड्याच्या चिंधीचा पिवळा काठ सांगितला. ओघळ कितवा, काठी कुठं टेकवली, दोरा चाकूनं कापला, सगळं. एखादा माणूस निर्दोष सुटायला धडपडतो तसा मी दोषी ठरायला धडपडत होतो. शेजारच्या बाकावरची पोरं मोबाईलमधून मान काढून बघायला लागली.

पिवळ्या काठापाशी तो थबकला. "त्ये लुगडं माझ्या आयचं," तो म्हणाला. चहावर साय धरली.

"म्हंजी तात्या चुकला."

"तात्याची चूक नाही. मी—"

"तुमचं तुम्ही बघा. तात्याच्या तोंडून शब्द गेलता. मी बी हसलो व्हतो." त्यानं कप बाजूला सारला. "चाचाचं कोन हाय आता?"

"मुलगी. नांदगावला."

"पत्ता द्या."

मी कागद शोधायला लागलो. खिशात एसटीचं तिकीट होतं, त्याच्या मागं लिहून दिला. म्हटलं, "कधी जाणार? मीही येतो बरोबर."

"उद्याच जातो. तुम्ही नका येऊ."

त्याला उठायला एका पोराचा आधार लागला. उठला आणि निघून गेला. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

आज अकरावा दिवस. तो गेला का, गेला तर तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. तिचा नंबर माझ्याकडं आहे. दिवसातून चार-पाचदा फोन हातात घेतो आणि ठेवतो. विचारायचं तर कोणत्या तोंडानं, हे सुचत नाही. ऑफिसातल्या मंडळींचं जेवण पुढच्या महिन्यात आहे. हे कागद तिथं नेणार आहे, आणि जेवायला बसण्याआधी उभं राहून वाचणार आहे.